हे किती दिवसांचं?

आमचे चाचा फोटो बघण्याआधी माणूस बघायचे. पनवेलच्या बाजारातल्या एका गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते समोर उभे राहून मिनिटभर नुसते बघत राहायचे. नवीन माणूस गोंधळून जायचा. एकदा एक बाई म्हणाली, "चाचा, सोयरीक जमवताय का माझी?" चाचा म्हणाले, "बाई, कॅमेरा घाईत असतो. मी नाही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. शेवटची दोन वर्षं कॉलेज सुटलं की मी चाचांकडे कॉम्प्युटरवर बसायचे. फोटो ते काढायचे, त्यांची साफसफाई मी करायचे. ती मला त्यांनीच शिकवली. ट्यूबलाइटने चेहरा पिवळा आला तर आधी शर्टाची कॉलर पांढरी कर, चेहरा आपोआप जागेवर येतो. कपाळाची तेलकट चमक कमी कर, पण घालवू नकोस. डोळ्यांखालचं काळं अर्धंच उजळ. "पूर्ण काढलंस तर माणूस साच्यातून काढल्यासारखा दिसतो." गाल गुळगुळीत करायला तर त्यांची सक्त मनाई होती. एका नवरदेवाचे गाल मी हौसेने घासूनपुसून ठेवले, तेव्हा चाचा चष्मा वर करून म्हणाले, "बेटा, लग्न याचं आहे की दुधी भोपळ्याचं?"

चेहऱ्यावर काहीही दिसलं की त्यांचा मला एकच प्रश्न असायचा, "हे किती दिवसांचं?" पुटकुळी आठ दिवसांची, काढून टाक. दाढी करताना लागलेलं चार दिवसांचं, तेही काढ. पण तीळ, व्रण, भाजल्याचा डाग हे राहणारं. त्याला त्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याच्या आईला किंवा बायकोला विचारलेलं चालायचं नाही. एका मुलीची आई म्हणाली, "हनुवटीवरचा तीळ उडवा, पाहुण्यांना फोटो पाठवायचाय." चाचांनी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "राहू दे." तीळ राहिला. आई पुन्हा दुकानात आली नाही. चाचांना त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या बाबांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं आहे. पूर्वी ते मिठागरात होते, नंतर तळोज्याच्या एका कारखान्यात लागले. तिथे शिफ्टवर असताना डोळ्यात काहीतरी उडालं आणि बुबुळ पांढरं झालं. पुढे त्याच कारखान्यात ते गेटवर वॉचमन म्हणून बसले. त्या पगारावर मी शिकले.

मी पदवीधर झाले तेव्हा चुलत भावांनी गावच्या नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. फोटो मी आणि बाबा, दोघांचा, घरी खिडकीजवळ काढलेला. मी काळा गाऊन घातलेला, बाबा पांढऱ्या शर्टात. फ्लेक्सची फाइल मीच बनवणार होते. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी जेवायला येणार होत्या, नाक्यावरूनच येणार होत्या. शुक्रवार होता, चाचा नमाजला गेले होते. मी बाबांचा उजवा डोळा कॉपी केला, आडवा उलटा केला आणि डाव्यावर बसवला. कडा मऊ केल्या. दहा मिनिटं लागली. मला लाज वाटत होती, ती बाबांची नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. बाबांचीच वाटत होती.

चाचा परत आले आणि माझ्या मागे उभे राहिले. बाबांना ते ओळखत होते.

"घरात दोन सूर्य होते का गं?" ते म्हणाले. "एका डोळ्यात खिडकीचा ठिपका डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे."

मी झूम कमी केला.

"बाबांना विचारलंस?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं."

"मग ठीक. चेहरा त्यांचा आहे." ते माझ्या शेजारी बसले, माउस हातात घेतला आणि डाव्या डोळ्यातला ठिपका पुसून बरोबर बाजूला बसवला. "आता कुणाला कळणार नाही." माझं खोटं चाचांनी विश्वासाने, स्वतःच्या हाताने सफाईदार करून दिलं.

फ्लेक्स लागला. बाबांचा डोळा ताटलीएवढा. मैत्रिणी आल्या, जेवल्या, गेल्या. संध्याकाळी नाक्यावर बाबांच्या जुन्या दोस्ताने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रं, डोला कवा बसवलास? आमाला पेढं नाय दिलंस ते!" सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, "पोर शिकलीय माजी. ती काय पन बसवल."  मात्र फ्लेक्स उतरेपर्यंत ते दूध आणायला नाक्यावरून गेले नाहीत. मागच्या बांधावरून लांबचा फेरा घालून जायचे.

महिन्याभराने बँकेच्या कामाला बाबांना पासपोर्ट साइज फोटो हवे होते. ते स्टुडिओत आले. चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं, नेहमीसारखं मिनिटभर बघितलं, मान सरळ करून फोटो काढला. मग अदबीने विचारलं, "भाऊ, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतंत, तसे याही फोटोत दोन्ही डोळे करू का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहत होते.

"हां चाचा, मीच सांगितला व्हता," बाबा म्हणाले. "पन यात नको. बँकवाल्यानं वलखाया पायजे ना. हाय तसा र्‍हाऊ दे."

चाचांनी आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. माणूस बघायची त्यांना सवयच होती. तो फोटो त्यांनी मला दिला नाही. स्वतः बसून कपाळाची चमक थोडी कमी केली, कॉलर सरळ केली, आठ प्रती कापून पाकिटात घातल्या. बाबांना दरवाजापर्यंत सोडायला गेले. परत येऊन त्यांनी पुढचं गिऱ्हाईक स्टुलावर बसवलं.

त्यानंतर सात-आठ महिने मी तिथे होते. चाचा माझ्यावर कधी रागावले नाहीत. कटिंग चहातला अर्धा माझा, ईदचा शीरखुर्मा डब्यातून घरी, सगळं पूर्वीसारखं. फक्त "हे किती दिवसांचं?" असं मला विचारायचं त्यांनी सोडलं. ते थेट गिऱ्हाइकाला विचारायचे, माझ्या डोक्यावरून, आणि मग मला सांगायचे, "काढ," किंवा "ठेव." मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खूप मोठी हो, बेटा." खरं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण गिऱ्हाईक आलं, आणि ते आल्याचं मला बरंच वाटलं.

यंदा चाचा गेले. बाबा म्हणाले, "मी पन येतो." त्यांच्या घरी आम्ही थोडा वेळ बसलो. चाचांच्या मुलाने आम्हाला ओळखलं, पाणी दिलं. परतताना आम्ही रिक्षा केली. पनवेलचं तळं मागे पडल्यावर बाबा बाहेर बघत म्हणाले, "भला मानूस व्हता. इचारून हात लावायचा."

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. त्या बाजूचं त्यांना दिसत नाही.