गच्चीवरचा छुंदा

आमचं गाव बडोद्यापासून एसटीने तासाभरावर आहे. त्याला गाव म्हणायचं की शहर, हे अजून ठरलेलं नाही. तालुक्याची कचेरी आहे, दोन हायस्कुलं आहेत आणि संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून म्हशी घरी परततात. मी इथे विज्ञान शिकवायला आलो तो कायमचाच राहिलो. मुलगी बडोद्यात गोरव्याला राहते, तिच्याकडे आम्ही जातो, पण दोन दिवसांत परत येतो.

उन्हाळा लागला की आमचा फळिया, म्हणजे आमची आळी, गच्च्यांवर राहायला जाते. होळी उलटली की आधी बटाट्याचे वेफर पसरतात, मग तांदळाच्या पापड्या. पापड्यांची उकड शिजली की तेल घालून गरम गरम खायला शेजाऱ्यांना बोलावणं जातं, आणि लाटायला आलेल्या बायका निम्मी उकड तिथेच संपवतात. मग वर्षाचा गहू येतो. त्याला एरंडेल चोळायला एका घरी चार घरच्या बायका बसतात, आणि हात चालू असताना फळियातल्या सगळ्या लग्नांचा आणि आजारांचा निकाल लागतो. शेवटी बाजारात राजापुरी कैरी आली की छुंदा. कैरी किसून मीठ-हळद लावायची, साखर मिसळायची, पातेल्याच्या तोंडाला मलमल बांधायची आणि उन्हात ठेवायचं. गॅस लागत नाही. रोज हलवत राहायचं, आणि पाक बोटांत तार धरू लागला की जिरं-तिखट घालून बरण्या भरायच्या. माझी बायको त्याला आपल्या साखरांब्याचा उन्हात वाढलेला भाऊ म्हणते.

सकाळपासून सूर्यास्तापर्यंत ऊन असलेली गच्ची फळियात एकच, आमची. म्हणून सगळ्यांची पातेली आमच्याकडे असतात. या मेळ्याच्या प्रमुख म्हणजे समोरच्या घरच्या आजी. त्यांना सगळे बा म्हणतात. तार आली की नाही, हे बा ठरवतात.

पंधराएक वर्षांपूर्वी बांच्या घरी नवी सून आली. तिचा पहिलाच उन्हाळा होता. एके दुपारी बांनी तिला वर पाठवलं. तिने सगळी पातेली नीट हलवली, मलमली पुन्हा बांधल्या आणि खाली गेली. त्यानंतर मी वर गेलो. संध्याकाळी गच्ची गार व्हावी म्हणून पाइपने पाणी मारायची माझी सवय होती. मात्र पातेली असताना झाकणं ठेवल्याशिवाय पाणी मारायचं नाही, असा बांचा नियम होता. त्या दिवशी मी तो पाळला नाही. पाणी एकदम जोरात आलं, पाइप हातातून सुटून फरशीवर लोळला आणि त्याची धार सगळ्या पातेल्यांवरून फिरली. मी नळ बंद केला. गरम वारा सुटला होता. बायका वर येईपर्यंत फरशीही वाळली आणि मलमलीही.

चार दिवसांनी छुंद्यावर पांढरी बुरशी आली. आंबूस वास जिन्यापर्यंत येत होता. सगळ्या घरांचा छुंदा गेला. शोध सुरू झाला आणि लवकरच संपला, कारण छुंदा हलवला त्या संध्याकाळीच सुनेची पाळी आली होती. ती सांगत होती की हलवलं तेव्हा आली नव्हती. ते कोणी धरलं नाही. माझ्या बायकोनेही नाही.

पुढचं सांगायला मला सर्वांत जड जातं. बायकांनी तिला जिन्यात उभी करून बोलायला सुरुवात केली तेव्हा मी मध्ये पडलो. चांगलं अर्धा तास बोललो. पदार्थ का आंबतो, ओल कशी लागते, पाळीचा आणि लोणच्याचा काडीचा संबंध नाही, हे वर्गात शिकवावं तसं समजावलं. बांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “ते बरोबर असेल, साहेब. पण या उन्हात ओल आली कुठून?”

उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हणालो, हवेतून येऊ शकते.

अर्थात कोणाला पटलं नाही. सुनेचा हात वाईट ठरला तो ठरलाच. त्यानंतर कोणाच्याही घरी लोणचं, पापड, छुंदा असला की ती दूर बसे, चहा करी, भांडी घासून देई. चेष्टाही व्हायची. कोणाचं दूध नासलं तरी हसत विचारत, आमच्या घरावरून गेली होतीस का? तीही हसायची. माझं मात्र नाव झालं. फळियात एक साहेबच काय ते सुनेच्या बाजूने उभे राहिले, असं सगळे म्हणत. दिवाळीनंतर गुजराती नव्या वर्षाच्या सकाळी ती सर्वांत आधी आमच्याकडे यायची आणि माझ्या पाया पडायची. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, काका नसते तर मी माहेरी निघून गेले असते. मी आतल्या खोलीत ऐकत होतो. त्या वेळी तरी बाहेर यायला हवं होतं.

यंदा बोललो, पण त्यात माझं धैर्य काही नाही. तिची मुलगी आता मोठी झाली. चैत्रात शेजारच्या घरी पापड्या घालत होत्या, मलाही उकड खायला बोलावलं होतं. मुलगी लाटायला उकड घ्यायला पुढे झाली, तेव्हा एकीने सहज तिचा हात बाजूला केला आणि म्हणाली, तू राहू दे, तुझ्यात आईचाच हात असणार. मुलगी ओशाळून आईजवळ जाऊन बसली. आई खाली बघत राहिली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “अहो, मीसुद्धा तिला बोलले होते. मला तरी सांगायचंत.” आणि बजावलं की तिला एकटीला गाठून माफी मागू नका, सगळ्यांसमोर सांगा.

कैऱ्या किसायला बायका आमच्या गच्चीवर जमल्या तेव्हा मी वर गेलो. बा मध्ये बसल्या होत्या. सून जिन्याच्या दाराशी चहाचे कप लावत होती. पाइप, पाणी, वाळलेली मलमल, सगळं सांगितलं. किसण्या थांबल्या. एकजण म्हणाली, साहेबांचा स्वभावच दयाळू, तिच्यासाठी आळ अंगावर घेताहेत. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मग दुसरी पुटपुटली, पाणी पडलं असेल हो, पण दोन्ही कारणं असू शकतात.

सुनेने कप खाली ठेवला. “काका,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही एवढं बोललात. आणि एवढंच राहिलं?”

 उत्तराची तिने वाट पाहिली नाही.

बा माझ्याकडे पाहत होत्या. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, रागावल्या की त्यांची हनुवटी थरथरते.  मग सुनेकडे वळून म्हणाल्या, उद्यापासून छुंदा तू हलवायचा.

सून जागची हलली नाही. “उद्या माझा दुसरा दिवस आहे, बा. चालेल?”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजरा फिरवल्या. मी खाली जायला हवं होतं, पण दारात ती उभी होती. बांनी हातातली कैरी उलटसुलट केली. मग म्हणाल्या, “पाणी मारणाऱ्याच्या गच्चीवरचा छुंदा इतकी वर्षं खातोच आहोत. ये तू.”

कोणीतरी हसलं. सगळ्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर तीन पातेली कमी होती. ती कोणाची, हे फळियातल्या कोणालाही जागेवरून कळलं असतं. सून मुलीला घेऊन आली. रिकाम्या जागांकडे तिने एकदा पाहिलं. माझ्याशी ती बोलली नाही, अजूनही फारशी बोलत नाही, आणि यंदाच्या नव्या वर्षाला ती येईल असं मी धरून चालत नाही. मागोमाग बा गुडघे धरत, एकेक पायरी थांबत वर आल्या आणि टाकीच्या कट्ट्यावर टेकल्या. सुनेने पहिल्या पातेल्याची मलमल सोडली आणि उलथनं फिरवलं.

“वरवर नको,” बा म्हणाल्या. “तळापासून घे. साखर खालीच बसलीय.”