बघायला आलेल्या मुलाला काय विचारायचं

मला बघायला येणारा मुलगा हुपरीचा होता आणि मध्यस्थानं एवढंच सांगितलं होतं, ‘पोरगं चांदीत हाय.’ घरातले तेवढ्यावर खूश. चांदीत म्हणजे नेमकं काय करतो, स्वतःचं काही आहे की दुसऱ्याकडं राबतो, हे मला लग्नाआधी कळायला हवं होतं. वडील म्हणाले, ‘मग तूच इचार की. पर इंग्लिशमदी. त्याचा मामा हायस्कुलात इंग्लिश शिकीवतोय.’

झालं! वडिलांच्या मते ‘व्हॉट डू यू डू’ विचारायचं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले होते, त्यातल्या एकाला काका नुकतेच जायला लागले होते. ते म्हणाले, ‘पोरगं आत्ता म्होरं बसणार. म्हंजे आयएनजी पायजेच. व्हॉट आर यू डूइंग!’

‘पोहे खातोय म्हणंल की त्यो!’ वडील ओरडले. पाहुणे येईपर्यंत दोघा भावांचा अबोला होता. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, पण मला कुणी विचारलं नाही.

पाहुणे आले, पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत काकांनी मुलाच्या मामांना गाठलं. ‘पावणं, तुमीच सांगा, कुठलं बरुबर?’ मामांनी बशी खाली ठेवली, दोन्ही चूक म्हणाले आणि ‘हॅव बीन’ लावून तिसरंच काहीतरी काढलं. वडील तावातावानं उठले. मुलाच्या वडिलांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तेही आयएनजीच्या बाजूनं भांडायला लागले. शेजारीपाजारी दारात जमले.

त्या गोंगाटात मी मुलाला हळूच मराठीत विचारलं, ‘नक्की काय करता हो तुम्ही?’

‘काय न्हाय,’ तो म्हणाला. ‘पैंजणांचा कारखाना हुता, त्यो बंद पडला दिवाळीत. घरातली म्हणत्यात, सांगू नको. पर तुमास्नी कशाला फसवू?’

त्याचे कान लाल झाले होते. मला तो तिथंच आवडला, अगदी मनापासून आवडला, आणि भीतीही वाटली.

आमच्यात पसंती मुलाकडच्यांनी कळवायची, तीही घरी गेल्यावर, निरोपानं. तोवर मुलीनं गप्प बसायचं.

वडिलांना अखेर माझी आठवण झाली. ‘हं, इचार आता,’ ते म्हणाले, ‘आणि डूच म्हण!’

मी म्हटलं, ‘इचारायचं काय न्हाय, आण्णा. मला पसंत हायत ह्ये.’