मोरावालीची गोधडी

पनवेल स्टँडवरून उरणची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर आईनं पुरी केलेली शेवटची गोधडी होती. गोधडीच्या मधोमध एक मोर होता. तो मात्र मी शिवला होता आणि त्याचाच घोटाळा निस्तरायला निघालो होतो.

आईला जाऊन दोन महिने झाले. जुनी साडी, शिंप्याकडच्या चिंध्या, माझी शाळेची चड्डी, तिच्या हाती काहीही लागलं की त्याची गोधडी व्हायची आणि कुणाच्या तरी घरी जायची. दुसऱ्याच्या हाती पाठवणं तिला मंजूर नव्हतं. स्वतः जाऊन ती त्या माणसाला पांघरायची आणि म्हणायची, "घ्या! आता थंडी माझ्यावर रुसणार." प्रत्येक गोधडीत एक चोरखिसा असायचा, आत लिमलेटची गोळी नाहीतर चिठ्ठी. कुठे, ते सांगायची नाही.

तिच्या पेटीत ही गोधडी निघाली. निळ्या कापडावर मासे, आणि टाचणीनं लावलेला कागद: 'मोरावाली'. मी उलटीसुलटी करून पाहिली. मोर कुठेच नाही. म्हटलं, बिचारीचा मोर राहिला. मग काय, सुपुत्र कामाला लागले! हिरव्या ब्लाउजपीसमधून मोर कापला, पाचही बोटं टोचून घेतली आणि तो मधोमध ठोकून दिला. शेजारच्या नसीमखालांना कौतुकानं दाखवायला गेलो, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! अरे, मोरावाली म्हणजे मोरा बंदराची कोळीण. पार्वतीबाई! तीस वर्षं मासळी घेऊन यायची तुमच्या दारात. तिच्या होणाऱ्या नातवंडासाठी शिवत होती तुझी अम्मी. नात झाली, उद्या ऐतवारी बारसं आहे पोरीचं."

"मग मोर उसवून टाकतो."

"भोक पाडशील. आहे तशी ने. पण तूच ने, आणि पोरगी पाळण्यात जायच्या आधी ने."

म्हणून ही एसटी. कंटेनरच्या ट्रेलरांमागे ती रांगत होती आणि मी घड्याळ बघत होतो. शेजारच्या गृहस्थांनी गोधडीचं टोक उचललं. "पोपट झकास जमलाय," म्हणाले. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

उरणहून रिक्षानं मोरा बंदर गाठलं. समोर रांग दिसली. रांग दिसली की उभं राहायचं, ही माझी जुनी खोड. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "भाऊचा धक्का?"

"नाही, पार्वतीबाई."

"त्या लाँचनं जात नाय, दादा. त्या गल्लीतून जावा. माणसं थांबलीत मागं."

गल्लीत सुकत घातलेल्या बोंबलांखालून वाकत वाकत पोचलो. पाळणा सजला होता, पण अजून रिकामा होता. पार्वतीबाई गुडघ्याला हात लावून उठल्या. मी नाव सांगितलं आणि गोधडी पुढे केली. त्यांनी एकेका माशावरून बोट फिरवलं आणि मधोमध येऊन थांबल्या.

"यो काय हाय?"

"मोर."

"नाय. ई कोंबरी (कोंबडी) हाय."

ओटीवरच्या बायका हसून लोळल्या. मी सगळी कथा सांगितली, तेव्हा पुन्हा लोळल्या.

पार्वतीबाई मात्र गोधडी चाचपत राहिल्या. "चोरखिसा कयं (कुठे) गेला? तुजी आयेस (आई) ठेवल्याबिगर रायची नाय." चारही कोपरे झाले. मग मोराच्या पोटाखाली कागद वाजला. "आरं मुडद्या! कोंबरी खिशावरच बसवलीस!"

त्यांनी चार टाके कापले, चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. "मना वाचता येत नाय. तू वाच."

मी मोठ्यानं वाचलं, "बाळा, खुशाल शू कर. सुती आहे, धुतली की झालं. तुझी पनवेलची आजी."

हशा पिकला. पुढे काही लिहिलेलं नव्हतं, तरी मी कागदाकडे बघत राहिलो. पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला, मग नाक पुसून सुई-दोरा माझ्यापुढे ठेवला.

"हां, शिव आता."

"काढूनच टाकतो ना."

"आजिबात नाय! मासल्या आयशीच्या, कोंबरी लेकाची. दोनी रातील."

सगळ्या ओटीच्या देखरेखीखाली मी ते चार टाके घातले. मग त्यांनी नात माझ्या मांडीवर दिली. मी तिला गोधडी पांघरली, घसा खाकरला आणि म्हणालो, "घ्या! आता थंडी माझ्यावर रुसणार." पोरीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पनवेलच्या आजीची आज्ञा तिथल्या तिथे पाळली.

तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण हाणून, ओल्या पँटनं परतलो. एसटीत शेजारची जागा पनवेलपर्यंत रिकामी राहिली.

घरी पेटीच्या तळाशी आणखी एक गोधडी आहे, अर्धीच शिवलेली. कागदावर लिहिलंय, 'तळोजा'. या वेळी आधी नसीमखालांना विचारून आलो. कारखान्याच्या गेटावर चहा विकणाऱ्या बाईंची आहे म्हणे. सुईत दोरा आठव्या खेपेला गेला. चोरखिसा मी सगळ्यात आधी शिवून टाकला. कुठे, ते सांगणार नाही.