खुशामत आणि ताट

महाजन सर जेवून उठले की मी आधी त्यांच्या ताटाकडे बघायची. त्यांच्या तोंडातून कौतुकाचं काही निघायचंच नाही. कधीमधी "मीठ कमी," एवढंच. ताट मात्र असं पुसून खाल्लेलं, की घासायला काही उरू नये.

नवऱ्याला इथल्या कापडाच्या लूमवर काम मिळालं म्हणून मी चिपळूणकडून बुऱ्हाणपुरात आले. शाळा सातवीतच सुटलेली, आणि येत होता तो भात नि माशाचं कालवण. सिंधीपुरा मोहल्ल्यात एकट्या राहणाऱ्या या रिटायर मास्तरांनी मला स्वयंपाकाला ठेवलं. इकडच्या ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकऱ्या तव्यावर फाटायच्या, तरी ठेवलं. पण मला रोज धाकधूक, उद्या 'येऊ नको' म्हणाले तर?

एकदा त्यांच्याकडे इंदूरचा एक केटरर जेवायला आला. भरताचा पहिला घास घेतला नि सुरूच झाला. "वा ताई, क्या हाथ है! इंदूरला चला, मोठ्या किचनची मालकीण करून टाकतो!" मी फुलले. दोन दिवस डोक्यात इंदूरच.

सरांनी ओळखलं. "बेटा, खुशामत हा शब्द कुठला, मालूम आहे? फारसी. खुश आमद. आपण आलात, बरं वाटलं. दारात बोलायचं ते. माणूस पार चुलीपाशी येऊनही तेच बोलत राहिला, तर समज, त्याला काहीतरी न्यायचंय."

"पण त्यांना आवडलं होतं, सर."

"अच्छा? ताट तूच उचललं ना? काय होतं त्यात?"

मी ताट आठवलं. भरीत तसंच होतं, भाकरी अर्धी.

"तोंड पाहुण्याचं असतं, ताट भुकेचं. ताट बघत जा."

मी इंदूरला गेले नाही. तेव्हापासून भाजीवाला "भाभी, तुमच्यासारखी पारख कुणाला नाही" म्हणाला, की मी पिशवीतलं एकेक वांगं पुन्हा उलटून बघते.

यंदाच्या थंडीत भरीत केलं होतं. सर म्हणाले, "आज फार छान झालंय, बेटा. तुझ्या हातासारखी चव कुठे नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आनंद व्हायला हवा होता, पण मी ताटाकडे पाहिलं. भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती, आणि एवढ्या थंडीत सरांचा चेहरा घामाने भिजला होता.

मी शेजाऱ्यांना हाका मारत धावले. सरांना दवाखान्यात नेलं, पण ते परत आले नाहीत.

तेराव्याला जो तो त्यांचे गोडवे गात होता. सगळ्यांच्या शेवटी मी माझं ताट वाढून घेतलं आणि पुसून खाल्लं.