कणकेचं बाळ

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ड्यूटी संपवून अधारतालला घरी पोचेपर्यंत एखादा तरी सोबत आलेला असतो. मी नवजात बाळांच्या वॉर्डात आया आहे, आणि माझे निम्मे किस्से आमच्या मोघे सिस्टरांचे आहेत.

*

आग लागली तर बाळं बाहेर कशी काढायची, याचा सराव सिस्टरांनी सुरू केला. खरी बाळं सरावाला कशी घेणार? त्यांनी रेक्झिनच्या पिशवीत बाळाच्या वजनाची कणीक भरली, टोपडं घातलं आणि शेवटच्या रिकाम्या पाळण्यात ठेवली. म्हणाल्या, "कोणीच मागे राहायचं नाही. हेसुद्धा नाही."

पहिल्या सरावाला आम्ही झटपट खाली आलो. डॉक्टरांनी फाइली आणल्या, मी चादरी आणल्या, गार्ड तिवारीजींनी आपली खुर्ची आणली.

सिस्टरांनी एवढंच विचारलं, "आणि बाळ?"

*

तिवारीजी फार चिडवायचे. "दीदी, आपके बच्चे की तो रोटी बन जाएगी."

"बना लेना. पहले ज़िंदा बाहर लाओ."

*

मग सिस्टरांनी जुन्या चादरींचे मोठ्या खिशांचे एप्रन शिवून घेतले. एका खिशात एक बाळ. नवे डॉक्टर या हिंदी मुलखात आपल्याच मराठी लोकांतले. ते म्हणाले, "सिस्टर, हे काहून करून राहिल्या? लिफ्ट आहे ना."

"आगीत लिफ्ट बंद असते, डॉक्टर. आणि जिन्यात एक हात कठड्याला लागतो."

पुढच्या सरावाला डॉक्टर एप्रन घालून सगळ्यांच्या आधी उभे होते.

*

मझौलीची एक आजी नातवासाठी वॉर्डाबाहेर बसून असायची. आमची धावपळ बघून तिने विचारलं, तेव्हा सिस्टरांनी तिला पिशवी दाखवली. आजी हसली नाही. डबीतलं काजळ काढून तिने टोपड्याखाली तीट लावली. "रोज इतना दौड़ती है बेचारी. नज़र लग जाएगी."

ती तीट आम्ही कधी पुसली नाही.

*

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी वॉर्डाच्या एसीतून खरोखरचा धूर निघाला. वीज गेली, लिफ्ट थांबली. कोणी ओरडलं नाही. आम्ही एप्रन चढवले, बाळं खिशांत घेतली आणि कठडा धरून उतरलो. ऑक्सिजनवरचं बाळ डॉक्टरांनी छोट्या सिलिंडरसकट आणलं. अंगणात कडुलिंबाखाली सिस्टरांनी बाळं मोजली. मझौलीच्या आजीने आपला नातू आधी तोंडावरून, मग हात लावून ओळखला. सगळी बाळं होती.

तिवारीजी नव्हते.

सिस्टर परत जिन्याकडे वळल्या, तेवढ्यात ते दिसले. डोळे लाल, खोकून जीव चाललेला, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं कणकेचं बाळ.

"तिवारीजी," सिस्टरांचा आवाज चढला, "वो आटा है!"

"मालूम है दीदी," तिवारीजी धापा टाकत म्हणाले. "टोपी ठीक कर दीजिए. धूप लग रही है इसको."