नसा मोकळ्या करणारा

आमच्या तलमडुगू गावच्या न्हाव्याला गिऱ्हाइकांच्या डोक्यातल्या नसांची भारी काळजी. चंपी करताना तो त्या दाबून दाबून मोकळ्या करी. स्वतःच्या नसांचं औषध मात्र दुकानामागं होतं. दोन दाढ्यांच्या मधे तो तिकडं जाऊन चिलीम ओढून येई.

"गांजा म्हंजे महादेवाचा परसाद हाय, भाऊ. परसादानं कोनाचं वाईट होते काय?"

एका सकाळी माझ्या गालावर वस्तरा मधेच थांबला. मला वाटलं, महादेवाशी बोलून राह्यला असेल. मग वस्तरा खाली पडला आणि त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

मी तशाच अर्ध्या दाढीनं ऑटो आणला. तोवर त्याच्या घरच्यांनी कबुतर आणलं होतं. लकवा मारला की आधी अंगाला कबुतराचं रक्त चोळायचं, ही आमच्याकडची तातडीची सेवा. ती आटोपून दवाखाना गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, गांजानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसल्या, एक बंदच पडली. सकाळीच आणलं असतं तर हात वाचवता आला असता.

आता तो दुकानाबाहेर बाजेवर बसतो. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणी ठेवायला दिल्यासारखा.

परवा मी विचारलं, "आता तरी समजलं ना, कशानं झालं?"

"समजलं ना," तो वाकड्या तोंडानं म्हणाला. "कबुतर लहान होतं."

मग त्यानं डाव्या हातानं चिलीम माझ्यापुढं धरली.

"काडी लावून दे, भाऊ. एका हातानं पेटत नाई."