जाड वायर, बारीक वायर आणि बाबांचे कान

१९८६ च्या आसपासचा एक रविवार. घाटकोपर, भटवाडी, आमची वन रूम किचन... आणि मी बाबांशी पैज लावून बसलेली. कशावरून, तर हेडफोनच्या वायरीवरून.

झालं होतं असं, की बाबा टेपरेकॉर्डर एवढ्या मोठ्याने लावायचे की शेजारच्या भानुबेन भिंत ठोकायच्या. गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक मामाने टेप करून पाठवलेलं, तीच कॅसेट रोज. शेवटी दादाने हेडफोन आणला आणि खाटेपर्यंत पोचावा म्हणून त्याला पुढे एक बारीक वायर जोडली. तरी बाबांचं आपलं एकच... "आवाज साफ नाय. वायर खराब आसा."

दादा लगेच मित्राकडून दुबईची जाड वायर घेऊन आला. सोनेरी पिना वगैरे. या वायरीने आवाज मोकळा होतो, पखवाज घुमतो, असं त्याचं ठाम म्हणणं. मी दोन्ही लावून ऐकल्या... मला काडीचा फरक कळला नाही.

माझा संशय वायरीवर नव्हताच, बाबांच्या कानांवर होता. आदल्या आठवड्यात रस्ता ओलांडताना मागून बस हॉर्नवर हॉर्न मारत होती आणि हा माणूस वळला नाही. मी दंड धरून ओढलं म्हणून बाबा वाचले. तेव्हापासून मी कानाच्या डॉक्टरचा धोशा लावला होता, पण "कान बरे आसत माझे" म्हटलं की बाबांच्या लेखी विषय संपला.

मग मी म्हटलं, ठीक आहे, सोक्षमोक्ष लावू. वायर न दाखवता बदलायची, बाबांनी नुसतं ऐकून जाड की बारीक ते सांगायचं. सगळं बरोबर आलं तर मी डॉक्टरचं नाव काढणार नाही, चुकले तर सोमवारी मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं.

खरं सांगायचं तर पैज लबाडीची होती. फरकच नाही म्हटल्यावर कोणालाच ओळखता येणार नव्हतं... पण बाबा दवाखान्यात पोचले असते ना.

बाबा खाटेवर, आम्ही समोर टेपपाशी, वायरीवर चादर. दादा वायर बदलायचा आणि आईला हळूच सांगायचा, जाड... बारीक. आईने लक्षात ठेवायचं.

बाबांचं एकही उत्तर चुकलं नाही. जाडला जाड, बारीकला बारीक, वर मान डोलवून "आता कसा मोकळा वाटता." दादा असा फुगला की विचारू नका. "बघ, बाबांचे कान तुझ्यापेक्षा तयार आहेत गं." आईसुद्धा हसायला लागली.

माझी तर वाट लागली. पण पटत नव्हतं यार... ज्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, त्याला वायरीतला फरक कळतो? मी म्हटलं, अजून एकदा, आणि आता वायर मी बदलणार. दादा म्हणाला, हरलीस, कबूल कर. म्हटलं, नाही करत, जा.

या वेळी मी वायरीकडे बघायचं सोडून बाबांकडे बघितलं. ते टक लावून माझ्या ओठांकडे बघत होते.

बाबांची उभी हयात गिरणीत गेलेली, साचेखात्यात. कापड विणणारे शेकडो साचे एकदम धडधडतात तिथे, आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. हे आम्हाला लहानपणापासून माहीत... आणि तरी डोक्यात आलं नाही.

मी वायरीला हातही लावला नाही. व्हॉल्यूम पार शून्यावर आणला. कॅसेट फिरतेय, आवाज काही नाही. मग आईकडे वळून, पण बाबांना दिसेल असे, नुसते ओठ हलवले... जाड.

"ही जाड," बाबा म्हणाले. "आता पखवाज बघ कसो वाजता."

दादाचं हसू तिथेच थांबलं. मी टेप बंद केला, बाबांच्या समोर जाऊन बसले आणि सांगितलं, बाबा, आवाज बंद होता.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत राहिले. गिरणी बंद पडल्यावर पुष्कळ खेटे घालून त्यांना पवईच्या एका कंपनीत गेटवर नोकरी लागली होती. "गेटवरचो माणूस बहिरो आसा म्हणान कळला तर ठेवतीत माका?" एवढंच म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, नोकरी गेली तर जाऊ दे, मी आणि दादा कमावतोय. मागून बस आली तर काय करणार? पैज ती पैज, उद्या चलायचं.

आले. डॉक्टरांनी मशीन दिलं... खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर, तेव्हा तसंच असायचं. कंपनीत मीच जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, माणूस कामाला चोख आहे, राहू दे. त्या साहेबांचे उपकार मी आजही विसरलेली नाही.

हल्ली इंटरनेटवर लोक हेडफोनच्या केबलवरून भांडताना दिसतात. आमच्या घरात त्याचा निकाल कधीच लागलाय, काही फरक पडत नाही. पटत नसेल तर खुशाल तपासा, फक्त तपासताना तोंड झाका. आणि हट्टी म्हणून मी आयुष्यभर बोलणी खाल्लीत, पण त्या रविवारी हट्ट सोडला नाही याचं मला अजून बरं वाटतं.

मशीन लावून बाबा घरी आले त्या संध्याकाळी आई ओट्यापाशी पाठमोरी भाकऱ्या करत होती. इतकी वर्षं बाबांशी काही बोलायचं तर ती हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. आम्हाला वाटायचं, तिची सवयच तशी. त्या दिवशी ती न वळता दादाला म्हणाली, मीठ संपलंय रे... आणि खाटेवरून बाबा म्हणाले, "मी हाडतंय दुकानात जावन."

आई उलथनं हातात धरून तशीच उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपत होती, पण तिला कोणी हाक मारली नाही.